पित्त म्हणजे काय आणि आपण कशाकशाला पित्त म्हणतो

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की महाल असो की सीताबर्डी, कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते. ‘भाऊ, पित्ताची गोळी द्या, छातीत जळजळ होऊन राहिली.’ दुकानदार पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलची पट्टी पुढे करतो आणि त्या गोळीने बहुतेकांना बरंही वाटतं. पण ही गोळी पित्तावर काम करतच नाही. जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांचं काम ती थांबवते. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ज्याला पित्त किंवा पित्तरस म्हटलं आहे, तो द्रव जठरात तयार होत नाही. तो यकृतात तयार होतो आणि त्याचा स्वभाव आम्लाच्या अगदी उलट, म्हणजे आम्लारिधर्मी असतो.

हा फरक फक्त परीक्षेपुरता असता तर इतकं लिहायचं कारण नव्हतं. ‘मला पित्ताचा त्रास आहे’ या एका वाक्याआड चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असू शकतात आणि त्यातले काही उशीर झाला तर जिवावर बेततात. म्हणून आधी खरं पित्त काय ते पाहू.

उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलोचं यकृत असतं. ते रात्रंदिवस थोडं थोडं पित्त पाझरत राहतं, दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर. यकृतातून निघतं तेव्हा ते सोनेरी पिवळं असतं. चव कडू. त्यात बहुतांश पाणी, शिवाय पित्तक्षार, लेसिथिन, कोलेस्टेरॉल, काही खनिज क्षार आणि बिलिरुबिन नावाचं रंगद्रव्य असतं. विकर, म्हणजे एन्झाइम, मात्र त्यात एकही नसतं. पचनाचा इतका महत्त्वाचा रस आणि त्यात अन्नाचे रासायनिक तुकडे करणारं काहीच नाही, हे पहिल्यांदा वाचताना खरं वाटत नाही. त्याचं काम वेगळ्या प्रकारचं आहे, ते पुढे येईलच.

यकृताच्या खालच्या अंगाला नासपतीच्या आकाराची एक छोटी पिशवी चिकटलेली असते. तिला पित्ताशय म्हणतात. पित्ताशयात पित्त तयार होतं असा समज फार पसरलेला आहे, पण ती फक्त साठवणीची जागा आहे. तिच्यात ३० ते ५० मिलिलिटरच मावतं. यकृतातून इतकं पित्त येतं तर एवढ्याशा पिशवीत ते राहतं कसं? पिशवीचं अस्तर त्यातलं पाणी शोषून घेतं आणि पित्त पाच ते दहा पट दाट होतं. दाट झालं की त्याचा रंग हिरवट होत जातो.

आता समजा रविवारी दुपारी सावजी मटण आणि ज्वारीची भाकर झाली. रश्श्यावरची तर्री म्हणजे तेलाचा लालभडक थर. हे तेल पोटात गेलं तरी पाण्यात विरघळत नाही. जठर ते घुसळतं, पण थेंब मोठेच राहतात. मेद तोडणारं मुख्य विकर म्हणजे लायपेज. ते स्वादुपिंडातून येतं आणि त्याला थेंबाच्या फक्त पृष्ठभागावर काम करता येतं. मोठ्या थेंबाच्या पोटातल्या तेलापर्यंत ते पोचतच नाही.

जठरातला हा काला थोडा थोडा करून लहान आतड्याच्या पहिल्या, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरतो. तिथल्या अस्तरातल्या काही पेशींना मेदाची चाहूल लागते आणि त्या कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. १९२८ साली आयव्ही आणि ओल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी ते ओळखलं. रक्तातून हा निरोप पित्ताशयाला मिळाला की ते आवळतं. त्याच वेळी पित्तनलिका आतड्यात उघडते तिथली झडप सैल होते. रुगेरो ओड्डी या इटालियन संशोधकाने १८८७ साली, विद्यार्थीदशेतच, तिचं वर्णन केलं, म्हणून तिला ओड्डीची झडप म्हणतात. झडप सैल झाली की दाट, हिरवट पित्त आतड्यात येतं.

सोनोग्राफीला उपाशीपोटी का बोलावतात, याचं उत्तर इथेच आहे. सकाळी तर्री-पोहे खाऊन गेलात तर पित्ताशय आधीच आवळून रिकामं झालेलं असतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. उपाशी असताना ती पिशवी भरून फुगलेली असते. धंतोली-रामदासपेठेतल्या सेंटरांवर तासन्‌तास उपाशी बसावं लागतं तेव्हा लोक वैतागतात, पण त्या उपाशी राहण्याला हे शारीरिक कारण आहे.

आतड्यात आलेलं पित्त करतं काय? मटण शिजवलेलं पातेलं नुसत्या पाण्याने घासून पाहा, तेल इकडचं तिकडे सरकतं, निघत नाही. साबण लावला की तेच तेल बारीक बारीक कणांत फुटून पाण्याबरोबर वाहून जातं. पित्तक्षार हेच करतात. त्यांच्या रेणूची एक बाजू तेलाला धरते, दुसरी पाण्याला. मोठा थेंब फुटून असंख्य सूक्ष्म थेंब होतात आणि पित्तक्षारांच्या आवरणामुळे ते पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत. याला पायसीकरण म्हणतात. तेल तेवढंच, पण पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढला. आता लायपेजला काम करायला जागाच जागा. त्यातून निघालेले मेदाम्लांचे तुकडे पुन्हा पित्तक्षारच आपल्यात गुंडाळून आतड्याच्या भिंतीपर्यंत नेऊन सोडतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही याच वाटेने शरीरात जातात. म्हणून पित्ताची वाट बरेच दिवस अडली की के जीवनसत्त्व कमी पडतं, रक्त लवकर गोठत नाही, आणि अशा रुग्णाच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हे जीवनसत्त्व टोचून देतात.

जठरातून आलेल्या अन्नातलं आम्ल शमवायलाही पित्ताचा हातभार लागतो, जरी त्यातला मोठा वाटा स्वादुपिंडाच्या रसाचा असला तरी. म्हणजे आपण ज्या जळजळीला पित्त म्हणतो, ती कमी करणाऱ्या बाजूला खरं पित्त उभं आहे.

काम झाल्यावर पित्तक्षार वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतले सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात आणि रक्तातून यकृतात पोचतात. सगळ्या शरीरात मिळून पित्तक्षारांचा साठा जेमतेम दोन ते चार ग्रॅम असतो. तोच दिवसातून सहा ते दहा वेळा फिरत राहतो. जेवढे शौचावाटे जातात तेवढे यकृत नव्याने बनवतं, आणि त्यासाठी कच्चा माल म्हणून कोलेस्टेरॉल वापरतं. इसबगोल किंवा ओट्सने कोलेस्टेरॉल थोडं उतरतं असं सांगतात त्यामागे हेच आहे. त्यातला चिकट तंतू पित्तक्षारांना धरून बाहेर नेतो आणि भरपाईसाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

पित्ताच्या रंगाकडे मात्र प्रत्येक घरात लक्ष असायला हवं. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होतं आणि यकृत ते पित्तात टाकतं. आतड्यातल्या जिवाणूंनी त्यावर काम केलं की त्याचा तपकिरी रंग होतो. शौचाला जो नेहमीचा रंग असतो तो यामुळे. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा गाठीने ती दाबली गेली की पित्त आतड्यात उतरत नाही. मग शौच मातकट पांढरी होते, लघवी गडद, काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे होतात आणि अंगाला खाज सुटते. ही चार लक्षणं एकत्र दिसली तर ती साधी कावीळ समजून गळ्यात जडीबुटीचा हार घालायला किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवून घ्यायला जाऊ नये. चुन्याचं पाणी पिवळं दिसलं तरी नलिकेतला अडथळा जागचा हलत नाही, आणि त्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

लहान बाळांच्या बाबतीत तर एकेक दिवस मोलाचा असतो. नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होणं नेहमीचं आहे, ती बहुधा आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटले, डोळे अजून पिवळे आहेत आणि बाळाची शी पांढरट किंवा फिकट राखाडी होतेय, तर ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ म्हणत थांबू नका. काही बाळांच्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका बंद झालेल्या असतात. त्यासाठी जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया आहे आणि ती बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. दुसरी गोष्ट, बाळाने दुधाची पांढरी गुळणी टाकली तर काळजीचं कारण नसतं, पण नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. हिरवा रंग म्हणजे पित्त, आणि ते उलटं येतंय याचा अर्थ पुढे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो.

आता बोलण्यातल्या पित्ताकडे वळू. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं, याला आपण आम्लपित्त म्हणतो, आणि लाडाने नुसतं पित्त. हे जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचं काम. ते अन्ननलिकेत वर चढलं की जळजळतं. रात्री उशिरा तेलकट जेवून लगेच आडवं झालं की हमखास. चवीवरून फरक ओळखता येतो. घशाशी आंबट आलं तर आम्ल, कडू आणि पिवळं-हिरवं आलं तर पित्त.

अर्धशिशीलाही पुष्कळ घरांत पित्तच म्हणतात. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड सहन होत नाही, मळमळतं, उलट्या होतात, शेवटी कडू पिवळं पाणी पडतं आणि डोकं हलकं होतं. ते पिवळं पाणी दिसलं की घरच्यांची खात्री पटते की पित्तच होतं, पडलं एकदाचं. खरं तर पोट रिकामं झाल्यावरही उलट्या चालूच राहिल्या की आतड्यातलं पित्त मागे ओढलं जातं आणि बाहेर येतं. ते उलट्यांमुळे आलेलं असतं, डोकेदुखी त्याच्यामुळे झालेली नसते. अर्धशिशीवर वेगळे, चांगले उपचार आहेत, आणि वर्षानुवर्षं आम्लाच्या गोळ्या खाणाऱ्या कितीतरी बायकांपर्यंत ते पोचलेलेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

अंगावर पित्त उठतं, म्हणजे लाल, खाजरे चट्टे येतात, तेव्हा त्वचेतल्या काही पेशींतून हिस्टामाइन हे रसायन सुटलेलं असतं. यकृताच्या पित्ताचा इथे संबंध नाही. घरोघरी आमसुलाचं पाणी लावतात, गार वाटतं, लावायला हरकत नाही. पण ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर आमसूल बाजूला ठेवून तातडीने दवाखान्यात न्यायचं.

एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा पोचला? आयुर्वेदात वात, पित्त, कफ हे तीन दोष मानले आहेत आणि तिथे पित्ताची कल्पना फार व्यापक आहे. पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक असे त्याचे पाच प्रकार आहेत. पचन, रक्ताचा रंग, बुद्धी, दृष्टी आणि त्वचेची कांती यांच्याशी ते जोडलेले आहेत. आम्लपित्ताचं वर्णन माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्वतंत्रपणे येतं. आपल्या बोलण्यातलं अंगावरचं पित्त आणि रागाने पित्त खवळणं याच मुशीतून आलं आहे. त्या शास्त्राच्या चौकटीत ही भाषा सुसंगत आहे. अडचण होते ती एका चौकटीतला शब्द घेऊन दुसऱ्या चौकटीतली गोळी मागितली की.

आणि सर्वांत धोक्याची जागा म्हणजे छाती. छातीच्या मधोमध दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, आणि तोंडात शब्द एकच, ‘पित्त झालं असेल’. सोडा प्यायला, गोळी घेतली, थोडं पडून राहिलं, आणि हृदयविकाराच्या झटक्यातले सुरुवातीचे मोलाचे तास निघून गेले. मधुमेही माणसांत आणि बायकांत तर हृदयाचं दुखणं नुसत्या मळमळीच्या किंवा वरच्या पोटात जड वाटण्याच्या रूपातही येतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदाच असं ‘पित्त’ झालं, तर गोळी शोधायच्या आधी ईसीजी काढावा. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पित्त हा शब्दच टाळून पाहा. कुठे दुखतं, जेवणाआधी की नंतर, तोंडात आंबट येतं की कडू, उलटीचा रंग कोणता, लघवी-शौचाचा रंग बदलला का, एवढं सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

उरला तो पित्ताशयाच्या खड्यांचा विषय, आणि विदर्भासाठी तो थोडा वेगळा आहे. पित्तातलं कोलेस्टेरॉल पित्तक्षारांनी विरघळवून ठेवलेलं असतं. हा तोल बिघडला, किंवा पिशवी वेळेवर रिकामी झाली नाही, की स्फटिक बनतात आणि त्यांचे खडे होतात. बायकांत, गरोदरपणात, स्थूलपणात हे जास्त दिसतं. कडक उपास करून झटपट वजन उतरवणाऱ्यांतही दिसतं, कारण पोटात मेद गेलं नाही तर पिशवी आवळतच नाही. दुसऱ्या जातीचे खडे रंगद्रव्याचे, काळे. लाल पेशी प्रमाणाबाहेर मोडत असतील तर बिलिरुबिन फार होतं आणि ते पित्तात साचून हे खडे तयार होतात.

नेमकं हेच सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात घडतं. या आजारात लाल पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच मोडते. मध्य भारतातल्या सिकल सेलविषयी शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया हा सगळा पट्टा या आजाराचा आहे. अशा घरांतल्या मुलांना शाळकरी वयातच पित्ताशयाचे खडे झालेले सापडतात. त्यांचे डोळे नेहमीच थोडे पिवळट असतात, अधूनमधून पोट दुखतच असतं, त्यामुळे खड्याची कळ आली तरी ती नेहमीच्याच दुखण्यात जमा होते. सिकल सेलच्या मुलाला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, किंवा पिवळेपणा एकदम वाढला, तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत नेऊन सोनोग्राफी करून घ्यावी. उलट, तरुण मुलाला काळे खडे निघाले आणि घरात कोणाची सिकलची तपासणी झालेली नसेल, तर तीही करून घ्यावी.

खड्याची कळ साधारणपणे जड जेवणानंतर येते. वरच्या पोटात मधोमध किंवा उजवीकडे सुरू होते, उजव्या खांद्यात किंवा पाठीत जाते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि ओसरते. तिच्याबरोबर ताप, थंडी आणि कावीळ आली तर नलिकेत जंतुसंसर्ग झाला असं धरून त्याच दिवशी भरती व्हायचं. पुष्कळ पाणी पिऊन किंवा पानफुटीची पानं खाऊन हे खडे पडतील असं अनेकांना वाटतं. मूतखड्याची वाट वेगळी आहे. प्यायलेलं पाणी मूत्रपिंडातून लघवीत जातं, पित्ताशयातून वाहत नाही. तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पडले’ म्हणून दाखवतात ते हिरवे गोळे बहुधा त्याच तेलाचे आतड्यात झालेले साबणासारखे गोळे असतात.

खडे आहेत पण कधी दुखलं नाही, तर बहुतेकदा डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. दुखू लागले तर पित्ताशय काढतात. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर ते पुन्हा होतात. पहिली अशी शस्त्रक्रिया कार्ल लँगनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये केली. दुर्बिणीतून ती भारतात पहिल्यांदा झाली १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उडवाडिया यांच्या हातून. आज नागपुरात ती रोजची गोष्ट आहे आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

‘पिशवीच काढली तर पचणार कसं?’ हा प्रश्न घरातलं प्रत्येक माणूस विचारतं. यकृत जागेवरच असतं आणि पित्त बनवत राहतं. फक्त ते साठून एकदम येण्याऐवजी थोडं थोडं करून थेट आतड्यात उतरतं. घोड्याला आणि कबुतराला तर पित्ताशय मुळातच नसतं. सुरुवातीचे काही आठवडे एका वेळी फार तेल पोटात गेलं तर जड वाटतं, म्हणून जेवण थोडं थोडं विभागून घ्यावं. काही जणांना नंतरही जेवल्या जेवल्या पातळ शौचाला होतं, कारण जास्तीचे पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरून तिथे पाणी सुटतं. लाजेने किंवा ‘आता असंच चालायचं’ म्हणून लोक ते सांगत नाहीत. सांगा. पित्तक्षारांना धरून ठेवणारं औषध आहे आणि त्याने बहुतेकांना आराम पडतो.